सुरू व्हायला साडेचार मिनिटं: एका मंदावलेल्या कॉम्प्युटरचं प्रकरण

पार्श्वभूमी

हा कॉम्प्युटर घरून मुद्रितशोधनाचं काम करणाऱ्या एका बाईंचा. ओळख पटेल असं सगळं वगळलं आहे. मी त्यांना काकू म्हणतो, इथेही तसंच म्हणेन.

सात वर्षांपूर्वीचा डेस्कटॉप, ८ जीबी रॅम, विंडोज १०. मुळात त्यात १ टीबीची, फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क होती. तीन वर्षांपूर्वी २५६ जीबीची एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवली, विंडोज तिच्यावर नव्याने घातलं, आणि जुनी डिस्क 'डी' ड्राइव्ह म्हणून आतच राहू दिली. एसएसडी लहान असल्यामुळे डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स हे तिन्ही फोल्डर 'डी'वर हलवले होते. ही मांडणी अगदी सर्रास दिसते आणि तिच्यात चूकही काही नाही. पण पुढे जे घडलं त्याचं मूळ तिच्यातच आहे, म्हणून ती आधीच सांगून ठेवतो.

एसएसडी बसवल्यानंतर कॉम्प्युटर मिनिटभरात कामाला तयार व्हायचा. मग गेल्या दोनेक महिन्यांत तो हळूहळू रेंगाळायला लागला.

अडचण

काकूंचा फोन आला तेव्हा त्यांचे शब्द असे होते: "अरे, बटण दाबून मी घरातली दोन कामं उरकून येते, तरी हा आपला गोल गोल फिरतच असतो. आणि सुरू होताना आधी टिक् टिक् करतो, मग पुढे सरकतो."

त्यातलं 'टिक् टिक्' मी ऐकलं आणि सोडून दिलं. पंख्यात धूळ गेली असेल, असं मनाशी धरलं. एकदा चालू झाल्यावर कॉम्प्युटर बराचसा ठीक चालायचा, अधूनमधून एखादी फाइल उघडताना अडकायचा, एवढंच. त्यामुळे तक्रार 'सुरू व्हायला वेळ लागतो' एवढ्याच नावाने माझ्याकडे आली आणि मीही ती त्याच नावाने हातात घेतली.

त्यांच्या भाच्याने उपाय आधीच ठरवून टाकला होता. मागच्या महिन्यात विंडोजचं मोठं अपडेट आलं, तेव्हापासून हे सुरू झालं, तेव्हा सगळं पुसून विंडोज नव्याने टाकायचं. सुट्टीचा दिवसही ठरला होता.

पहिली चाल

एक गोष्ट मी बरोबर केली, ती म्हणजे घड्याळ लावलं. 'फार वेळ लागतो' यावरून काहीच करता येत नाही. बटण दाबल्यापासून काम सुरू करता येईपर्यंत चार टप्पे पडतात आणि प्रत्येक टप्प्यात वेगळी मंडळी कामाला असतात. पहिल्या टप्प्यात मदरबोर्डवरचं फर्मवेअर, म्हणजे आपण सवयीने ज्याला बायोस म्हणतो ते, जोडलेली सगळी यंत्रं ओळखतं. दुसऱ्यात विंडोजचा गाभा, ड्रायव्हर आणि सेवा, म्हणजे पडद्यामागे चालणारे प्रोग्राम, उभे राहतात. पडद्यावर फिरणारे ठिपके दिसतात ते याच वेळी. पासवर्ड दिल्यापासून डेस्कटॉप दिसेपर्यंत तिसरा. डेस्कटॉप दिसतो पण क्लिक केलं तरी काही हलत नाही, तो चौथा.

मोजताना 'शट डाउन' करून पुन्हा बटण दाबलं नाही, 'रीस्टार्ट' वापरलं. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप नावाची सोय आहे. ती चालू असेल तर शट डाउन करताना विंडोजचा गाभा डिस्कवर साठवून ठेवला जातो आणि पुढच्या वेळी तिथूनच उचलला जातो. म्हणजे ती सुरुवात पहिल्यापासूनची नसतेच. रीस्टार्टमध्ये मात्र सगळं मुळापासून घडतं. बऱ्याच जणांना उलट वाटतं, आणि त्यामुळे त्यांची आधीची आणि नंतरची मोजणी एकमेकांशी जुळत नाही.

पहिल्या फेरीचे आकडे असे आले: फर्मवेअर ४८ सेकंद, ठिपके ९५, पासवर्ड ते डेस्कटॉप ५०, आणि डेस्कटॉप हलायला लागेपर्यंत आणखी ७०. एकूण ४ मिनिटं २३ सेकंद. दुसऱ्या फेरीत ३ मिनिटं १८ सेकंद, तिसऱ्या फेरीत ५ मिनिटं २ सेकंद.

हे आकडे कागदावर लिहून मी त्यांच्याकडे नीट पाहिलंच नाही. टास्क मॅनेजर उघडला, 'स्टार्टअप' टॅबवर गेलो आणि कॉम्प्युटर चालू होताना आपोआप उठणारे नऊ प्रोग्राम दिसले. त्यांतले सात बंद केले: प्रिंटरची शाई मोजणारा, गाणी वाजवणारा, व्हिडिओ कॉलचे दोन, पीडीएफ वाचकाचा अपडेटर, ब्राउझरचा एक, आणि फाइली क्लाउडवर चढवणारा.

पुन्हा मोजलं. चौथा टप्पा ७० वरून ४५ सेकंदांवर आला. एकूण वेळ एका फेरीत ३ मिनिटं ५१ सेकंद, दुसऱ्या फेरीत ४ मिनिटं ४० सेकंद. म्हणजे आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांत फरक दाखवणंच कठीण होतं. "पुढच्या रविवारी बघू" म्हणून मी उठलो.

इथे दोन खुणा माझ्या डोळ्यांसमोर होत्या. स्टार्टअप टॅबच्या वरच्या कोपऱ्यात 'लास्ट बायोस टाइम' ४६.२ सेकंद असं छापलेलं होतं. ते काम विंडोज जागं होण्याच्या आधी संपतं; विंडोजमधला कोणताही प्रोग्राम, कितीही जड असला, तरी त्या आकड्याला जबाबदार असूच शकत नाही. एसएसडी असलेल्या डेस्कटॉपमध्ये हा आकडा बहुतेक वेळा पाच ते वीस सेकंदांत असतो. मी तो वाचला, 'मदरबोर्ड जुना आहे' असं म्हटलं आणि पुढे गेलो. पण तीन वर्षांपूर्वीही मदरबोर्ड हाच होता आणि तेव्हा सगळं मिळून मिनिटभर लागत होतं.

दुसरी खूण आकड्यांच्या चढउताराची. तेच प्रोग्राम, त्याच सेवा, तोच क्रम असेल तर दर वेळी वेळ साधारण तेवढाच लागतो. एका फेरीत सव्वातीन मिनिटं आणि पुढच्या फेरीत पाच, असं होत असेल तर आत कुठेतरी कुणीतरी एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा करून पाहत आहे; कधी ती दुसऱ्या प्रयत्नात जमते, कधी दहाव्या. ओझं जास्त असलेला कॉम्प्युटर रोज सारखाच उशीर करतो. बिघडलेला रोज वेगळा उशीर करतो.

समोरचे पर्याय

पुढच्या रविवारी भाचाही आला होता. आम्ही तिघांनी बसून पर्याय मांडले.

विंडोज नव्याने टाकणं हा त्याचा पर्याय. त्याच्या बाजूने एक गोष्ट खरी होती: सॉफ्टवेअरचा गुंता असेल तर तो एका फटक्यात सुटतो. विरुद्ध बाजूने, काकूंचे फॉन्ट, शब्दकोश, वर्डमधल्या वर्षानुवर्षं जमवलेल्या सुधारणांच्या याद्या, सगळं परत बसवायला आठवडा गेला असता. आणि फर्मवेअरचे ४८ सेकंद विंडोज बदलून एका सेकंदानेही कमी झाले नसते. हे मी त्या दिवशी पहिल्यांदा मोठ्याने म्हटलं, आणि म्हणता म्हणता माझ्याच लक्षात आलं की मागच्या रविवारी मी काय चुकवलं होतं.

रॅम वाढवण्याचा विचार लगेच बाद झाला. डेस्कटॉप आल्यानंतर टास्क मॅनेजरमध्ये निम्मी रॅम मोकळी दिसत होती. 'कॉम्प्युटर साफ करून वेगवान करणारं' एखादं सॉफ्टवेअर टाकू, असंही भाच्याने सुचवलं. त्याला माझा ठाम विरोध होता आणि आहे. असली सॉफ्टवेअरं रजिस्ट्रीतल्या, म्हणजे विंडोज आपल्या सेटिंग जिथे साठवतं तिथल्या, शेकडो 'चुका' दाखवतात. त्या नोंदी पुसून सुरुवातीच्या वेळेत जाणवेल असा फरक पडत नाही, आणि चुकीची नोंद पुसली गेली तर एखादा प्रोग्राम मोडतो. शिवाय ते स्वतःच स्टार्टअपच्या यादीत जाऊन बसतं.

उरलेला पर्याय म्हणजे विंडोजने स्वतः लिहून ठेवलेल्या नोंदी वाचणं. त्याला वेळ लागणार होता, पण काहीही बदलायचं नव्हतं, त्यामुळे नुकसान होण्याची भीती नव्हती. तो निवडला.

नोंदी काय सांगत होत्या

या नोंदी दाखवणाऱ्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये खूप आत, 'मायक्रोसॉफ्ट', 'विंडोज', 'डायग्नॉस्टिक्स परफॉर्मन्स' अशा पायऱ्या उतरून गेलं की 'ऑपरेशनल' नावाची एक नोंदवही सापडते. तिथे १०० क्रमांकाची नोंद म्हणजे एका सुरुवातीचा हिशेब, मिलिसेकंदांत. त्यात 'मेनपाथबूटटाइम' म्हणजे गाभा जागा झाल्यापासून डेस्कटॉप दिसेपर्यंतचा वेळ, आणि 'बूटपोस्टबूटटाइम' म्हणजे त्यानंतर कॉम्प्युटर शांत होईपर्यंतचा. फर्मवेअरचा वेळ यात धरलेला नसतो. दर सुरुवातीची नोंद होतेच असंही नाही, पण काही महिन्यांतल्या पुरेशा नोंदी होत्या.

त्या तारखेनुसार लावल्या आणि चित्र बदललं. आधी सगळीकडे वीस ते तीस सेकंद. मग एके दिवशी अचानक ८८ सेकंद, दुसऱ्या दिवशी पुन्हा २६. चार दिवसांनी परत एक उंच आकडा. मग एक दिवसाआड, मग जवळजवळ रोज. अपडेट कोणत्या तारखेला बसलं तेही तपासलं. पहिला उंच आकडा अपडेटच्या नऊ दिवस आधीचा होता. भाच्याने तारखा स्वतः दोनदा पडताळून पाहिल्या आणि नव्याने विंडोज टाकायचा हट्ट सोडला.

याच नोंदवहीत १०१ क्रमांकाखाली उशीर करणारे प्रोग्राम आणि १०३ खाली उशीर करणाऱ्या सेवा नावानिशी दिलेल्या असतात. तिथे अँटिव्हायरसची सेवा आणि विंडोज सर्च ही दोन नावं सारखी येत होती. इथे मोह मोठा होता, कारण 'अँटिव्हायरसमुळे कॉम्प्युटर मंद झाला' हे वाक्य प्रत्येकाने कधी ना कधी ऐकलेलं असतं. अँटिव्हायरस काढून टाकू, असं मी जवळजवळ म्हणालोच होतो.

थांबलो ते एका साध्या प्रश्नामुळे. या दोन सेवांत सारखं काय आहे? दोघीही फाइली वाचतात. एक तपासायला, दुसरी शोधसूची बनवायला. म्हणजे डिस्क उत्तर देत नसेल तर सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त याच अडकणार. नोंदीत जिचं नाव येतं ती सेवा उशिरा पोहोचलेली असते, एवढंच त्या नोंदीवरून सिद्ध होतं. रस्ता कुणी अडवला ते तिथे लिहिलेलं नसतं. लिनक्सवर 'सिस्टमडी अॅनालाइझ ब्लेम' ही आज्ञा वापरणाऱ्यांचीही इथेच फसगत होते: तिच्या यादीत सगळ्यात वर असलेली सेवा नुसती नेटवर्कची वाट पाहत बसलेली असू शकते. तिथे 'क्रिटिकल चेन' पाहिली की कोण कुणासाठी थांबलं ते कळतं. विंडोजमध्ये ते इतकं सोपं नाही, म्हणून दुसरी नोंदवही उघडली.

ती म्हणजे 'सिस्टम' लॉग. संपूर्ण लॉग न वाचता फक्त सुरुवातीच्या पाच मिनिटांतल्या नोंदी गाळून घेतल्या. तिथे उत्तर ओळीने मांडलेलं होतं. 'स्टोरएएचसीआय' या साठवणुकीच्या ड्रायव्हरकडून १२९ क्रमांकाची नोंद: यंत्राला रीसेट पाठवला. 'डिस्क'कडून १५३: वाचन पुन्हा करून पाहिलं. मध्येच ७: खराब ब्लॉक सापडला. आणि प्रत्येक ठिकाणी डिस्क १.

डिस्क ० आणि डिस्क १ यांतली कोणती कुठली, हे अंदाजाने ठरवू नये. हे क्रमांक एखाद्या सुरुवातीत बदलूही शकतात. डिस्क मॅनेजमेंटमध्ये आकारावरून पाहिलं. २५६ जीबीवाली शून्य, १ टीबीवाली एक.

विंडोज नसलेल्या डिस्कमुळे विंडोज का अडतं

भाच्याने विचारलं, "पण विंडोज तर एसएसडीवर आहे ना? मग जुन्या डिस्कचा काय संबंध?" प्रश्न रास्त होता.

फर्मवेअर सुरू होताना साटाच्या, म्हणजे डिस्क मदरबोर्डला जिथे जोडतात तिथल्या, प्रत्येक जोडणीवर कोण बसलं आहे ते विचारतं, आणि उत्तर मिळेपर्यंत थांबतं. उत्तर चाचपडत येत असेल तर इथेच पाऊण मिनिट जातं. मग विंडोजचा साठवणुकीचा ड्रायव्हर तेच विचारतो. त्यानंतर त्या डिस्कवरचं विभाजन वाचून 'डी' ड्राइव्ह उभा करायचा असतो. त्यासाठी एनटीएफएसच्या, म्हणजे विंडोजच्या फाइली मांडण्याच्या पद्धतीच्या, मुख्य सूचीतले काही ठरलेले भाग वाचावेच लागतात. त्यातलाच एखादा सेक्टर, म्हणजे तबकडीवरचा छोटासा कप्पा, दुबळा असेल तर डिस्क तो पुन्हा पुन्हा वाचून पाहते. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या डिस्कची एक फेरी ८.३ मिलिसेकंदांत होते. अर्धं मिनिट हट्टाने वाचत राहिली तर त्या एका जागेवरून तिचं वाचणारं डोकं ३६०० वेळा जातं. रेडसाठी, म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडून वापरायच्या मांडणीसाठी, बनवलेल्या डिस्क साधारण ७ सेकंदांत हात टेकून 'वाचता येत नाही' असं सांगतात, कारण तिथे तीच माहिती दुसरीकडून मिळणार असते. घरगुती डिस्कला दुसरीकडे विचारायची सोय नाही, म्हणून ती झगडत राहते. शेवटी ड्रायव्हरचा धीर सुटतो, तो रीसेट पाठवतो, आणि सगळं पहिल्यापासून.

पासवर्डनंतरचे ५० सेकंद कुठे जात होते, तेही आता उलगडलं. डेस्कटॉप फोल्डरच 'डी'वर होता. एक्सप्लोररला डेस्कटॉपवरचे आयकॉन दाखवायचे तर त्या डिस्ककडेच हात पसरावा लागत होता.

आणि टिक् टिक् हा पंख्याचा आवाज नव्हताच. काकूंनी पहिल्याच फोनवर दुखणं जवळजवळ नावानिशी सांगितलं होतं.

सगळं थांबवून बॅकअप

या क्षणापासून 'कॉम्प्युटर वेगवान करायचा' हे काम संपलं होतं. आतली डिस्क मरत होती आणि तिच्यावर काकूंचं सगळं काम होतं.

पहिला निर्णय: तपास पुढे न्यायचा की आधी फाइली काढायच्या? आधी फाइली. भाचा विंडोजमधल्या डिस्क तपासणाऱ्या 'चेकडिस्क'चा पूर्ण तपास लावणार होता, खराब सेक्टर दुरुस्त होतील म्हणून. मी त्याला हात धरून थांबवलं. तो तपास अख्खी डिस्क, एकेक सेक्टर, तासन् तास वाचतो, आणि मोडकळीला आलेल्या डिस्कसाठी तेवढे तास हे अखेरचे ठरू शकतात. ती ताकद फाइली वाचवण्यासाठी राखून ठेवायची.

दुसरा निर्णय: उचलायचं कोणत्या क्रमाने? आधी चालू काम, मग सुधारणांच्या याद्या, मग फोटो, शेवटी बाकीचं. काकूंनीच क्रम सांगितला. तो ज्याच्या फाइली आहेत त्यानेच सांगायचा असतो.

कॉपी करण्यासाठी विंडोजमध्येच असलेली रोबोकॉपी ही आज्ञा वापरली. एक काळजी घ्यावी लागते: एखादी फाइल वाचता आली नाही तर ती मुळात १० लाख वेळा पुन्हा प्रयत्न करते आणि दर दोन प्रयत्नांत ३० सेकंद थांबते. खराब डिस्कवर तसंच सोडलं तर पहिल्या बिघडलेल्या फाइलीपाशीच आयुष्य जाईल. म्हणून एकदाच पुन्हा प्रयत्न, एक सेकंद विश्रांती, आणि राहिलेल्या फाइलींची यादी लॉगमध्ये, असं सांगून बाहेरच्या डिस्कवर कॉपी लावली. साडेतीन तास लागले. अकरा फाइली निघाल्या नाहीत.

अकरांपैकी आठ जुन्या प्रोग्रामांचे इन्स्टॉलर होते. दोन फोटो क्लाउडवर सापडले. अकरावी फाइल म्हणजे काकूंनी त्याच आठवड्यात खुणा करून ठेवलेलं ऐंशी पानांचं प्रूफ. ते कुठेच नव्हतं.

कारण क्लाउडवर फाइली चढवणारा प्रोग्राम मागच्या रविवारी मी बंद केला होता.

त्यांनी मला काही म्हटलं नाही. ते काम त्यांनी पुन्हा केलं, त्यात चार संध्याकाळी गेल्या. डिस्कचा बिघाड माझ्यामुळे झाला नाही, पण प्रत नसण्याचं कारण मीच होतो. पंचवीस सेकंद वाचवायला मी त्या घरातला एकुलता एक चालू बॅकअप बंद केला होता, आणि तो नेमक्या त्या आठवड्यात, जेव्हा त्याची सगळ्यात जास्त गरज होती.

डिस्क की केबल?

फाइली बाहेर आल्यावर मग निवांतपणे शहानिशा केली. १२९ आणि १५३ या नोंदी डिस्क बिघडली म्हणूनच येतात असं नाही. सैल किंवा खराब साटा केबलनेही येतात, आणि केबल बदलायला पाच मिनिटं लागतात. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची जी नोंद ठेवते, ज्याला 'स्मार्ट' म्हणतात, ती क्रिस्टलडिस्कइन्फो नावाच्या प्रोग्राममध्ये पाहिली. तिथे पिवळा इशारा होता. ०५ क्रमांक, म्हणजे बाद करून दुसरीकडे हलवलेले सेक्टर: शून्याहून जास्त. सी५, म्हणजे वाचता न आल्यामुळे निकालाची वाट पाहणारे सेक्टर: ५६. सी७, म्हणजे केबलमधून जाताना बिघडलेली माहिती: शून्य. केबलचा दोष असता तर बहुधा सी७ चढलेला दिसला असता.

तरीही प्रत्यक्ष प्रयोग केला. कॉम्प्युटर बंद करून, प्लग काढून, जुन्या डिस्कच्या दोन्ही केबली सोडवल्या आणि सुरू केला. फर्मवेअर ९ सेकंद, ठिपके १४, पासवर्ड ते डेस्कटॉप ११, शांत व्हायला २०. एकूण ५४ सेकंद. डेस्कटॉपचं स्थान उपलब्ध नाही, अशी चूक आली, ती येणारच होती. मग तीच डिस्क नव्या केबलने, मदरबोर्डवरच्या दुसऱ्या जोडणीला लावली. ४ मिनिटं ११ सेकंद. पुन्हा काढली, ५५ सेकंद. बॅकअप हातात नसता तर मी ती परत जोडली नसती.

परिणाम

जुनी डिस्क काढली. तिच्या जागी १ टीबीची एसएसडी बसवली, तिन्ही फोल्डर तिच्यावर नेले. बंद केलेल्या सात प्रोग्रामांपैकी क्लाउडचा आणि प्रिंटरचा परत चालू केले. काकूंना शाई किती उरली ते आधी कळायला हवं असतं. त्या दोघांमुळे पाच-सहा सेकंद वाढले. बाकीचे पाच बंदच ठेवले. फास्ट स्टार्टअप जसं होतं तसं राहू दिलं. रीस्टार्टनंतर काम सुरू करण्याजोगा व्हायला आता मिनिटभर लागतो, आणि हा आकडा फेरीफेरीला दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त हलत नाही.

पुन्हा असं प्रकरण आलं तर

पहिला बदल क्रमात. स्टार्टअपच्या यादीला हात लावण्याआधी चार टप्प्यांचे आकडे लिहायचे आणि सगळ्यात जास्त वेळ कुठे जातो ते पाहूनच पुढचं पाऊल टाकायचं. फर्मवेअरमध्ये वेळ जात असेल तर पेनड्राइव्ह, बाहेरच्या डिस्क, कार्ड रीडर काढून पाहायचे; नेटवर्कवरून सुरू होण्याचा पर्याय बायोसमधल्या यादीत वर बसला असेल तर खाली ढकलायचा; आणि आतल्या प्रत्येक डिस्कची स्मार्ट नोंद पाहायची. ठिपक्यांपाशी वेळ जात असेल तर सिस्टम लॉग. पासवर्डनंतर वेळ जात असेल तर आता अस्तित्वात नसलेल्या कॉम्प्युटरकडे बोट दाखवणारे नेटवर्क ड्राइव्ह हे एक नेहमीचं कारण असतं. आणि फक्त शेवटचाच टप्पा लांबला असेल तर स्टार्टअपची यादी. मी शेवटच्या टप्प्याचं औषध चारही टप्प्यांना दिलं.

स्मार्ट नोंद पाहायला दोन मिनिटं लागतात आणि तिने काहीही बदलत नाही. मंद झालेल्या कॉम्प्युटरवर ती आता मी सगळ्यात आधी पाहतो, तक्रार कोणतीही असो. पहिल्या रविवारी पाहिली असती तर ते ऐंशी पानी प्रूफ वाचलं असतं. मात्र नोंद स्वच्छ दिसली म्हणून डिस्क ठणठणीत, असंही धरत नाही. काही डिस्क कोणताही इशारा न देता जातात.

बंद करायच्या यादीत बॅकअप किंवा क्लाउडचा प्रोग्राम दिसला की आता आधी विचारतो: याची दुसरी प्रत कुठे आहे? उत्तर 'कुठेच नाही' असेल तर तो चालू राहतो, मग सुरू व्हायला आणखी अर्धं मिनिट लागलं तरी चालेल.

डिस्कची अवस्था याहून वाईट असती, म्हणजे फोल्डर उघडतानाच अडकत असतं, तर रोबोकॉपीने एकेक फाइल न काढता लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून डीडीरेस्क्यू हा प्रोग्राम चालवून अख्ख्या डिस्कची प्रत काढली असती. ते आधी सहज वाचता येणारा भाग उचलून घेतं आणि हट्टी जागा शेवटी ठेवतं. इथे बहुतेक फाइली सरळ निघत होत्या म्हणून रोबोकॉपी पुरली. पण ती अकरावी फाइल डीडीरेस्क्यूने निघाली असती का, हा विचार माझ्या मनातून जात नाही. ते मी त्याच दिवशी करून पाहायला हवं होतं. जोडणीचे प्रयोग करून झाल्यावर आठवलं आणि लावलं, तेव्हा डिस्क ओळखही देईनाशी झाली होती.

काकू आता दर महिन्याच्या पहिल्या तारखेला रीस्टार्ट करून वेळ मोजतात आणि कॉम्प्युटरच्या बाजूला चिकटवलेल्या कागदावर प्रूफाच्या लाल पेनाने लिहितात. आतापर्यंत तीन नोंदी आहेत: ६०, ६२, ५९.